मापाची काठी

९ जानेवारी

"आपण तसली माणसं नव्हेत."

बाबांनी हे म्हटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि माझ्या हातात शाळेच्या बँडची चिठ्ठी होती. खाली पालकाच्या सहीसाठी रेघ होती. बाबा होडीघरातून नुकतेच वर आले होते, बाह्यांना भुसा लागलेला. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा घडी घातली, माझ्या हातात दिली आणि एवढंच बोलून हात धुवायला गेले. कसली माणसं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षं सतरा मेच्या, आमच्या राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत मी बँडच्या मागून चालले, हातात कागदी निशाण घेऊन, पुढच्या मुलींच्या पांढऱ्या मोज्यांकडे बघत.

आज हे आठवायचं कारण म्हणजे माझी लेक सिन्ने मोठ्या बँडमध्ये गेली. अजून अकरा पूर्ण नाहीत आणि तिला बॅरिटोन मिळालाय. ते पितळी वाद्य तान्ह्या बाळासारखं छातीशी धरावं लागतं. मास्तर म्हणाले, तिचा श्वास लांब आहे. मी घरी येऊन फ्रिजवर तक्ता लावला. रोज वीस मिनिटं सराव, सराव झाला की एक चांदणी चिकटवायची.

बाबा जेवायला आले होते. सिन्नेने वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते बघितलं नाही, नुसतं चाचपलं, नळ्यांवरून बोटं फिरवत राहिले. म्हणाले, "सांधे चांगले केलेत." बाबांकडून याहून जास्त कौतुक कुणालाच मिळत नाही.

ही वही होवारने नाताळात दिली. म्हणाला, "तुझ्या डोक्यात फार गर्दी असते, थोडी इथे उतरवत जा." नवरा दोन आठवडे समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला असला की बोलायला वहीच उरते.

१६ जानेवारी

बँडच्या पालकांची सभा. अध्यक्ष बूदिल. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढलंय, त्यामुळे ती आम्हालाही ओळीत उभं करते. "ज्यांना काम नको असेल त्यांनी आत्ता बोला," ती म्हणाली. कुणीच बोललं नाही, कारण आमच्या या खाडीकाठी चारचौघांत बोलणं हेच सगळ्यात अवघड काम. गणवेश आणि निशाणं माझ्याकडे आली.

एक बाई बर्गनहून व्याख्यान द्यायला आल्या होत्या. मुलांना शाळेबाहेर काय काय शिकता येतं आणि आईबापांनी त्यात कसं वागावं, यावर. मी चार पानं टिपून घेतली. त्या म्हणाल्या की आईबापांनी ढकलू नये, दार उघडं ठेवावं. मी त्याखाली दोन रेघा मारल्या. माझ्यासाठी ते कुणी ठेवलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

सिन्नेचा वाढदिवस. काय हवंय म्हणून गेल्या आठवड्यात विचारलं तर म्हणाली, "रंधा. लहान, माझ्या हातात बसेल असा."

मला हसू आलं. म्हटलं, "अगं, आपण काय सुतारकाम करणारी माणसं आहोत?"

तिच्यासाठी नोटेशन ठेवायचा घडीचा स्टँड घेतला, त्यावर नाव कोरून. तिने "खूप छान आहे, आभारी आहे" असं म्हटलं, पाहुण्यांशी बोलतात तसं. केक मात्र मनापासून खाल्ला. दुपारी आजोबांकडे गेली ती जेवणाच्या वेळेलाच उगवली, टोपीत लाकडाचे कुरळे ढलपे घेऊन. मी म्हटलं, तिथे धुळीत बसून काय करता दोघं? म्हणाली, "काही नाही. बसतो."

बाबांना होड्या बांधणं सोडून सहा वर्षं झाली. एकटा म्हातारा माणूस, त्याला सोबत होते, हे मला कळतं. पण नुसतं बसायला रोज दोन तास?

२६ फेब्रुवारी

शाळेत सिन्नेच्या बाईंना भेटले. भाषेच्या तासाला ती खिडकीबाहेर बघते, पण भूमितीत वर्गाच्या पुढे आहे. "तिला कोन नजरेने कळतात," बाई म्हणाल्या. "बाकीची मुलं कोनमापक शोधत असतात तोवर हिचं उत्तर लिहून झालेलं असतं."

मी त्यांना सांगितलं की हा संगीताचा परिणाम आहे, मी वाचलंय त्यावर. बाई हो म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तिच्या बोटांना सारख्या चिरा कशा पडलेल्या असतात? म्हटलं, हातमोजे घालत नाही, काय करणार.

मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यात परत आले तर दंतवैद्य म्हणाले, आज फार खुशीत दिसतेस. होतेच.

१६ मार्च

रविवार, बाबांकडे जेवण. मासा आणि बटाटे, नेहमीसारखं. बाबांनी कॉफी कपाच्या बाहेर ओतली. मेजपोसावर डाग. सिन्नेने काही न बोलता कप त्यांच्या हाताखाली सरकवला. नगरपालिकेचं पत्र आलं होतं तेही तिलाच वाचायला लावलं. मला जरा राग आला. म्हटलं, "बाबा, ती काय तुमची कारकून आहे? नवा चष्मा करून घ्या ना."

"चष्म्याचा काय दोष," ते म्हणाले. आणि दिवा लावायला सांगितला. भर दुपारी. खिडकीतून ऊन आत येत होतं.

सिन्ने मेजाची लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजत होती, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, "आई, सगळी मापं एका काठीवर असली तर कागद लागतच नाही, माहितीय?"

"कसली मापं?"

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी बशीकडे पाहिलं. "अशीच," ती म्हणाली.

आजचा तिचा सराव राहिला. घरी आल्यावर मी आठवण केली तर गपचूप जाऊन चांदणी चिकटवली. वाजवलेलं मी ऐकलं नाही, पण तेव्हा मी भांडी घासत होते.

३० मार्च

बॅरिटोनची पेटी तिच्या पलंगाखाली सापडली, वरती धुळीचा थर. तक्त्यावर अख्खा मार्च चांदण्यांनी भरलाय.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी तिच्यासमोर बसून मोठं भाषण केलं. विश्वासाबद्दल, बँडमधल्या बाकीच्या मुलांबद्दल, आणि मला लहानपणी जे मिळालं नाही त्याबद्दल. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मग तुला मिळायला हवं होतं, आई." चिडून नाही. खरोखरच वाईट वाटल्यासारखं.

मी नियम केला. होडीघर फक्त शनिवारी, आणि तेही सराव झाल्यावर.

तिने माझी बाही धरली. "एप्रिलमध्ये नको," म्हणाली. "आई, मेनंतर काय हवं ते कर. एप्रिलमध्ये नको." का, ते सांगेना. म्हणे वचन दिलंय. एवढ्याशा मुलीची कसली वचनं?

होवारला फोन केला. तो फलाटावरच्या वाऱ्यात उभा होता, अर्धं ऐकू येत नव्हतं. सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "इंग्विल, तूच का नाही बँडमध्ये नाव घालत? मोठ्यांचाही असतो." त्याने थट्टेत म्हटलं. मी फोन ठेवला.

पाऊण तासाने त्याचा निरोप आला, चुकलं म्हणून. मी उत्तर दिलं नाही. पण आज दिवसभर ते वाक्य कपड्यांच्या घड्या घालताना, ब्रेड कापताना मधे मधे येत राहिलं. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि मला एकही वाद्य धरता येत नाही. त्याचा इथे काय संबंध?

२२ एप्रिल

नियम लागू पडला. रोज चार वाजता घरात बॅरिटोन वाजतो. खालचे सूर भिंतीतून येतात तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. मी स्वयंपाकघरात काम नसलं तरी उभी राहते.

सिन्ने जेवताना बोलत नाही. हे वय असतं.

आज बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन कधीच करत नाहीत. "पोरगी आजारी आहे का?"

"नाही, बाबा. सराव करते. शनिवारी येईल ना."

मग म्हणाले, "शनिवारी लवकर पाठव. उजेड असेपर्यंत."

"अहो बाबा, आता नऊ वाजेपर्यंत उजेड असतो."

"असतो का," ते म्हणाले.

३ मे

आजचा दिवस माझा झाला. बँडचं सरावशिबिर सोमवारपर्यंत आहे, सिन्ने शाळेतच राहणार. सतरा तारखेला पहिलीतली चार पिल्लं बँडच्या पुढे निशाणं घेऊन चालणार आहेत, आणि त्यांच्या निशाणांना काठ्या नव्हत्या. बूदिल म्हणाली, दुकानातून प्लास्टिकच्या आण. मी म्हटलं, होडीवाल्याची मुलगी प्लास्टिक आणणार? सगळे हसले.

बाबांकडे गेले तर ते आरामखुर्चीत झोपलेले. उठवलं नाही. खाली होडीघरात गेले. कितीतरी वर्षांनी. डांबराचा वास तोच. मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं, बाबांचं कुठलं तरी अर्धवट राहिलेलं काम असेल, त्याला हात लावला नाही. भिंतीवर खिळ्याला बाबांची मापाची काठी लटकत होती, हाताळून हाताळून काळी पडलेली. तिलाही हात लावला नाही, एवढी अक्कल मला आहे. पण शेजारच्या खिळ्याला पाइनची एक नवी पट्टी होती, फिकट, सरळ, माझ्या उंचीची. कडेला चाकूने खरवडल्याच्या कितीतरी खुणा, लहान मुलाने कंटाळून चाळा केल्यासारख्या. सिन्नेच असणार. नुसतं बसल्यावर दुसरं काय होणार.

घरी आणून तिचे चार सारखे तुकडे केले. खुणा काचकागदाने घासल्या, काही खोल होत्या, त्या पूर्ण गेल्या नाहीत. मग दोन हात पांढरा रंग दिला. धुण्याच्या खोलीत दोरीवर टांगल्यात. इतक्या सुबक झाल्यात! माझ्या हातात थोडं बाबांचं आलंय की काय, असं वाटून गेलं.

१० मे

आज लिहायला नको वाटतंय.

सकाळी सराव करून सिन्ने होडीघरात गेली. गेल्या शनिवारी शिबिर होतं, त्यामुळे दोन आठवड्यांनी. तासाभरात परत आली. तिने मला विचारलं, होडीघरात कोण गेलं होतं? मी भाजी चिरत होते. म्हटलं, मी गेले होते, काठ्या आणल्या निशाणांना, बघ कशा झाल्यात.

ती धुण्याच्या खोलीत गेली. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी बघायला गेले. तिने चारी काठ्या दोरीवरून काढून जमिनीवर ठेवल्या होत्या, टोकाला टोक लावून, एका ओळीत. पहिलीच्या टोकाला खिळ्यात अडकवायचं भोक होतं. ते मी बुजवायला विसरले होते. ती गुडघ्यांवर बसून रंगावरून अंगठा फिरवत होती, एकेका बोटाएवढी पुढे सरकत.

"सिन्ने, काय झालं?"

"ही होडी होती," ती म्हणाली.

रडली नाही. उठून खोलीत गेली आणि थोड्या वेळाने बॅरिटोनचा आवाज आला. वीस मिनिटं, बरोबर वीस मिनिटं, मग थांबला. बाहेर येऊन तिने चांदणी चिकटवली आणि मला दाखवून आत गेली.

मला ही चांदणी आयुष्यभर आठवेल.

११ मे

बाबांकडे एकटी गेले. ते पायरीवर बसले होते, तोंड उन्हाकडे करून. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी पाहिलं आणि म्हणाले, "इंग्विल का?"

माझ्या हातात केकचा डबा होता. तो मी तिथेच पायरीवर ठेवला.

"बाबा, कधीपासून?"

"मागच्या शरदापासून. मधोमध काही नाही. कडेचं दिसतं." मग, बहुतेक माझा चेहरा न दिसताही त्यांना तो कळला असावा, कारण म्हणाले, "तू अशी समोर उभी राहिलीस ना, की तुझे कान दिसतात. तुझे कान चांगले आहेत."

कपाबाहेरची कॉफी, भर दुपारचा दिवा, नगरपालिकेचं पत्र. मी चष्मा करा म्हणाले होते.

डॉक्टरांकडे ते जाऊन आले होते, सिन्नेला घेऊन, बसने. मला सांगायचं नाही असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. का? "तू तक्ता केला असतास," ते म्हणाले. मला हसायला आलं आणि मग ते थांबवताच येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही. बाबांनी डबा चाचपून उघडला आणि केकचा तुकडा माझ्या हातात दिला. आमच्या घरात दुसरं काही करायची रीत नाही.

मग त्यांनी सांगितलं. कागदावर त्यांनी होडी कधीच काढली नाही. फळी कुठे किती रुंद, कुठे किती कलती, सगळं नजरेत, आणि नजरेतलं काठीवर. प्रत्येक होडीची तिची तिची काठी. ऑक्टोबरमध्ये ते एक शेवटची होडी एकटेच सुरू करायला गेले आणि चुकीच्या खुणेवर करवत ठेवली. सिन्ने दारात उभी होती. तिने येऊन त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून ते सांगत गेले आणि ती खुणा करत गेली. हिवाळाभर. तिच्या हातांच्या, तिच्या वल्ह्यांच्या मापाची होडी. खालच्या तीन फळ्या बसल्यात. वरच्या दोन राहिल्यात, आणि त्यांची मापं त्या काठीवर होती.

"पुन्हा करता येतील ना?" मी विचारलं. "तुम्ही सांगाल, ती करील."

बाबांनी हातावरचे केकचे कण झाडले. "जानेवारीत मला कडेचं तरी नीट दिसायचं, आता तेही विझत चाललंय," एवढंच म्हणाले.

आणि मी एप्रिल काढून घेतला होता.

निघताना मी ते विचारलं. पस्तीस वर्षांनी. बँडची चिठ्ठी, त्यांनी घातलेली घडी, ते वाक्य. त्यांना आठवतच नव्हतं. आठवायला त्यांनी खूप वेळ घेतला, मग म्हणाले, "बँडवाल्या आईबापांना दारोदार जायला लागायचं. लॉटरीची तिकिटं विकायला. मला लोकांच्या दारात उभं राहून बोलायला जमलं नसतं." मग, "तुला कसं सांगणार ते? नऊ वर्षांची होतीस. म्हणालो असेन काहीतरी."

एवढंच होतं. माझ्याबद्दल नव्हतंच ते.

१३ मे

सिन्ने आज स्वतःहून बोलली. शाळेची पिशवी अजून पाठीवरच होती.

"सतरा तारखेला मी वाजवीन. मी नसले तर खालचा सूर रिकामा पडतो. मग वाद्य परत दे."

मी म्हटलं, नीट विचार कर, घाई नको. तुझा श्वास लांब आहे.

"मी केलाय विचार," ती म्हणाली. "आता तू कर." आणि जरा वेळाने, "मला तो आवाज आवडतो, आई. पण तो मला ऐकायला आवडतो."

फ्रिजवरून तक्ता काढला. मागे चिकटपट्टीचे चार डाग राहिले, ते निघत नाहीत.

बूदिलला फोन करून निशाणांच्या काठ्या बदलू का विचारलं. ती म्हणाली, आता? मुलांचा सराव त्याच काठ्यांवर झालाय, एकेकीने आपापली ठरवून ठेवलीय, हात लावशील तर चौघी भोकाड पसरतील. सिन्नेला सांगितलं. ती म्हणाली, असू दे, मिरवणुकीनंतर बघते.

नंतर ही वही पहिल्यापासून चाळली. बारा फेब्रुवारीच्या पानावर, रंध्याच्या ओळीशी थांबले. पुढे वाचलं नाही.

१७ मे

लख्ख ऊन आणि बोचरा वारा. सगळं गाव रस्त्याच्या कडेला, छातीवर फिती लावलेलं. होवार परवाच घरी आला, त्याने बाबांचा हात धरला होता. मीही त्यांच्या शेजारी थांबले, पहिल्यांदाच मिरवणुकीत न चालता. बाबा म्हणाले, "काय दिसतंय ते सांग."

मी सांगत गेले. पुढे चार पिल्लं, टोप्या कानांवर आलेल्या. त्यांच्यामागे ढोल. तिसऱ्या रांगेत सिन्ने.

"कुठे बघतेय?"

बाकीची मुलं नोटेशनकडे किंवा आपल्या आईबापांना शोधत बघत होती. सिन्ने निशाणांकडे बघत होती. पांढऱ्या काठ्या पुढे वरखाली होत होत्या आणि ती वाजवता वाजवता त्या चार काठ्यांवरून नजर काढत नव्हती, दुकानाच्या वळणापासून चर्चच्या फाटकापर्यंत. एकदाही चुकली नाही. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "खालचा सूर तिचाच ना? ऐकला मी."

मिरवणूक सुटल्यावर ती शाळेच्या मैदानात त्या पहिलीतल्या मुलींना शोधत फिरली. मी दुरून पाहत होते. होवार म्हणाला, मदत कर जा. मी म्हटलं, नको. पहिल्या तिघींना तिने आपली आइस्क्रीमची कुपनं दिली आणि काठ्या घेतल्या, निशाणं सोडवून त्यांच्या हातात परत देत. चौथी ऐकेना. वोरिन तिचं नाव, दोन दात पडलेली, काठी पाठीमागे लपवून उभी. सिन्ने तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली. मला फक्त वोरिनचं ऐकू आलं.

"खरी? पाण्यातली?"

सिन्नेने मान हलवली.

"मला बसवशील?"

सिन्नेने लगेच हो म्हटलं नाही. ती विचार करत होती, बाबा करतात तसा, खाली बघून. होडी होईल की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि खोटं वचन द्यायचं नव्हतं. मग ती म्हणाली, "झाली, तर पहिली तू."

वोरिनने काठी पुढे केली.

१८ मे

सकाळपासून सिन्ने मागच्या पायरीवर बसून रंग खरवडत होती, काचेच्या तुकड्याने, बाबा करायचे तसं. एकवीस खुणा होत्या. अकरा लागल्या हाताला. खोल कापलेल्या होत्या त्या राहिल्या, काचकागदाने वरवरच्या गेल्या. करवतीने किती खाल्लं तेही तिने हिशेबात धरलं. मग होवारने आणलेल्या नव्या पट्टीला चारी तुकडे बांधून एकेक खूण उतरवत गेली. जिथे खूण उरली नव्हती तिथे जागा सोडली. त्या जागा बाबा तळव्याने फळी चाचपून सांगणार आहेत. जमेल की नाही हे दोघांनाही ठाऊक नाही. होडी पाण्यात तिरकी बसली तर ती तिरकीच राहील, असं ती मला म्हणाली. शांतपणे, हवामान सांगावं तसं.

मी विचारलं, काच धरायला मदत करू? म्हणाली, नको.

बॅरिटोन पेटीत घालून दाराशी ठेवलाय. उद्या बूदिलकडे नेऊन देईन. ती विचारील, मग तू तरी गणवेशांचं बघशील ना? बघीन. कुणाच्या आईने तरी बघायला हवंच.

दुपारी तो लहान रंधा दिला. वाढदिवसाला तीन महिने उशीर. सिन्नेने धार बोटावर घासून पाहिली, तळहातात फिरवून पाहिला. "जरा मोठा आहे," म्हणाली. "पण मी वाढीन." मग तो टोपीत ठेवला आणि टोपी काखेत.

पोहोचवायला मी होडीघराच्या दारापर्यंत गेले. बाबा आत होते. ताडपत्री काढलेली होती हे मला फटीतून कळलं, कारण ताज्या लाकडाचा वास बाहेर आला. सिन्नेने माझ्याकडे वळून दार ओढून घेतलं. जोरात नाही. त्यांचा नियम आहे. होडी पाण्यात उतरेपर्यंत तिसरं माणूस आत नाही. बाबा म्हणतात, अर्धी होडी बघितलेला माणूस जन्मभर तिला अर्धीच समजतो. तो नियम बाबांनी केला, पण आता तो सिन्नेच्या हातात आहे, आणि ती माझ्यासाठी का मोडेल? मला विचारलं तर मी तिच्या जागी मोडला नसता.

तरीही मी एक चिठ्ठी लिहिली आहे. फ्रिजवर लावणार आहे, त्या चार डागांवर. ती वाचेल, घडी घालील आणि मला परत देईल, हे माहीत असूनही. खाली सहीसाठी रेघ मारली आहे.

"सिन्ने, शनिवारी मला आत येऊ देशील? मी काही शिकवणार नाही, विचारणार नाही, कुणाला सांगणार नाही. मला झाडता येतं. तू सांगशील तिथे उभी राहीन, आणि तू दिलीस तरच काठीला हात लावीन. मला होडी कशी बांधतात ते शिकायचंय. मान्य असेल तर इथे सही कर."